'मानवत नाही' म्हणणाऱ्याचा इतिहास

ताटात वाढलेला पदार्थ कुणी बाजूला सारला, तर त्यासाठी आपल्या वऱ्हाडात साधारण तीन कारणं सांगितली जातात. आवडत नाही, चालत नाही, किंवा मानवत नाही. 'आवडत नाही' म्हटलं की घरचे थोडे रुसतात आणि सोडून देतात. 'चालत नाही' म्हटलं की उपास असेल, पथ्य असेल, हलाल-हरामचा प्रश्न असेल, असं समजून कुणी पुढे विचारत नाही. पण 'मानवत नाही' म्हणणाऱ्याला अशी सूट मिळत नाही. 'थोडंसं घे, काही होत नाही', 'आमच्याकडचं शुद्ध असतं', 'इतके लोक खातात, तुलाच कसं होतं?' अशी त्याची उलटतपासणी सुरू होते.

या तिसऱ्या माणसाचा प्रश्न आता जगभर गंभीरपणे घेतला जातो. काही माणसांना दूध, अंडं, शेंगदाणा, काजू, मासे, गहू, तीळ यांपैकी एखाद्या पदार्थाची इतकी तीव्र ॲलर्जी असते, की एका घासाने अंगावर गांधी उठतात, ओठ आणि घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. दूध प्यायल्यावर पोटात गुडगुडणं ही वेगळी गोष्ट. ती पचनाची अडचण असते, तिने त्रास होतो पण जीव जात नाही. खरी ॲलर्जी म्हणजे शरीराच्या रक्षकांनीच अन्नाला शत्रू समजून केलेला हल्ला.

हा माणूस खोटं बोलत नाही, हे वैद्यकाला सिद्ध करायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली. त्या प्रवासात ग्रीक आहेत, बगदादचे हकीम आहेत, हिंदुस्थानातले वैद्य आहेत, व्हिएन्नातले डॉक्टर आहेत आणि मुंबईतले संशोधकही आहेत. त्याची एक वाट घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यापर्यंत येऊन पोचते.

शब्द आधी, रोग नंतर

मराठीत या अनुभवासाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. बाधणं, सोसणं, मानवणं, पित्त उठणं, गांधी येणं. अंगावर लाल चट्टे आले की आमसूल चोळायचं, हे घराघरांत ठाऊक होतं. आयुर्वेदात 'सात्म्य' ही कल्पना आहे. जे अन्न ज्याच्या शरीराशी जुळतं ते त्याचं सात्म्य, जे जुळत नाही ते असात्म्य. सवयीने जुळलेल्या अन्नाला 'ओकसात्म्य' असं वेगळं नाव आहे. चरकसंहितेत कोणतं अन्न चांगलं, एवढाच प्रश्न नाही. कोणासाठी चांगलं, हाही आहे. युनानी वैद्यकात तेच काम 'मिजाज' करतो. प्रत्येकाचा मिजाज वेगळा, म्हणून प्रत्येकाचं परहेज वेगळं. अंगावर उठणाऱ्या गांधींना युनानी हकीम 'शरा' म्हणत.

ग्रीकांमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन वैद्यकावरच्या ग्रंथात चीजचं उदाहरण येतं. काही माणसं पोटभर चीज खातात आणि धडधाकट राहतात, काहींना थोडंही सोसत नाही. चीज मुळातच वाईट असतं तर सगळ्यांनाच त्रास झाला असता. म्हणजे दोष पदार्थात नाही, त्या माणसाच्या शरीरात असं काहीतरी आहे जे चीजशी वैर धरतं, असा तो युक्तिवाद आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ही ॲलर्जीची व्याख्याच झाली. फक्त ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे कुणाला माहीत नव्हतं.

बल्खींचा गुलाब आणि राझींची चिकित्सा

इस्लामी जगात हा प्रश्न नेमकेपणाने हाताळणारं पहिलं मोठं नाव अबू बकर मुहम्मद बिन झकरिया राझी यांचं (८६५ ते ९२५). तेहरानजवळच्या रय गावचे हे हकीम बगदादमध्येही रुग्णालयाचे प्रमुख होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्यांनी लक्षणांसह मांडलं, म्हणून ते जगाला माहीत आहेत. त्यांची एक छोटी पुस्तिका मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. भूगोलतज्ज्ञ आणि विचारवंत अबू झैद बल्खी यांना दर वसंतात, गुलाबाचा वास घेतला की सर्दीचा जोरदार त्रास व्हायचा. तो का होतो, यावर राझींनी स्वतंत्र लेखन केलं. वसंत ऋतूत फुलांमुळे होणाऱ्या ॲलर्जीचं हे जगातल्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक मानलं जातं.

मला या पुस्तिकेत एक वेगळी गोष्ट मोलाची वाटते. गुलाब म्हणजे त्या संस्कृतीतलं सर्वांत लाडकं फूल. गुलाबजल औषधात, मिठाईत, मेहमानाच्या हातावर. अशा फुलाने मला त्रास होतो असं एक विद्वान म्हणतो, आणि त्या काळातला सर्वांत मोठा हकीम त्याला हसत नाही. तो वेळ, ऋतू, लक्षणं नोंदवतो आणि कारण शोधायला बसतो. रुग्णाचं ऐकून घेणं, ही उपचाराची पहिली पायरी त्याने चुकवली नाही.

राझींचं आणखी एक पुस्तक अन्नाचे फायदे आणि त्यापासून होणारी हानी टाळण्याचे उपाय यांवर आहे. त्यांच्या 'अल-हावी' या प्रचंड ग्रंथात ग्रीक हकिमांबरोबर चरकाचेही दाखले येतात. अरबीत चरकाचा 'शरक' झाला होता. बगदादमध्ये संस्कृत वैद्यकग्रंथांचे अनुवाद झाले होते, त्यामुळे हिंदुस्थानातलं ज्ञान राझींच्या टेबलावर होतं. पुढे सुमारे ११९० मध्ये मूसा बिन मैमून या ज्यू हकिमाने इजिप्तमध्ये एका उमराव रुग्णासाठी दम्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. त्यातला मोठा भाग औषधांवर नसून खाण्यापिण्यावर आहे. काय खावं, काय टाळावं, हवा कशी असावी. दम्याच्या रुग्णाला त्याच्या ताटापासून सुरुवात करायला सांगणारा हा हकीम सलाहुद्दीन अय्युबीच्या दरबाराशी संबंधित होता.

१५१२ चा धडा

हिंदुस्थानात आलेल्या युनानी वैद्यकासमोर एक अडचण उभी राहिली. ग्रंथ ग्रीस, इराण आणि अरबस्थानातल्या माणसांचे, आणि रुग्ण इथले. सिकंदर लोदीचे वजीर मियाँ भुवा यांनी १५१२ मध्ये फारसीत 'मादन-उल-शिफा सिकंदरशाही' हा ग्रंथ तयार करवला. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्यापासून घेतलेलं ज्ञान त्यात आहे. हे का करावं लागलं, तर युनानी उपचार हिंदुस्थानातल्या माणसांच्या मिजाजाला नेहमी जुळत नाहीत, आणि तिकडच्या औषधांची नावं इथे कुणाला कळत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. शंभरेक वर्षांनी दख्खनेत, विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाला असलेला इतिहासकार फरिश्ता याने फारसीत 'दस्तूर-उल-अतिब्बा' लिहून हिंदुस्थानी औषधं आणि उपचारपद्धती मुस्लिम हकिमांसाठी मांडली.

या लोकांनी परक्या ज्ञानाचा तिरस्कार केला नाही आणि त्यापुढे मानही तुकवली नाही. ज्या मातीत राहतो, जे अन्न खातो, त्याप्रमाणे वैद्यक तपासून घेतलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवू. पाचशे वर्षांनी मुंबईच्या प्रयोगशाळेत तो पुन्हा भेटणार आहे.

घोड्याचं रक्त आणि नेपच्यून नावाचा कुत्रा

'ॲलर्जी' हा शब्द अन्नातून जन्मला नाही. तो घोड्यातून आला. १८९० नंतर युरोपात घटसर्प या रोगावर नवा उपाय निघाला. घोड्याला रोगाचं विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, काढून आजारी मुलाला द्यायचा. हजारो मुलं वाचली. पण काही मुलांना सुई घेतल्यानंतर काही दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर गांधी असा त्रास होऊ लागला. व्हिएन्नातले डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी अशी मुलं काळजीपूर्वक पाहिली. त्यांना दिसलं की त्याच मुलाला दुसऱ्यांदा सीरम दिला तर त्रास लवकर आणि जोरात होतो. म्हणजे शरीराला पहिली भेट आठवते आणि दुसऱ्या भेटीत ते वेगळं वागतं. या 'बदललेल्या वागण्याला' पिर्के यांनी १९०६ मध्ये ग्रीक शब्दांवरून 'ॲलर्जी' असं नाव दिलं.

त्याच्या चारच वर्षं आधी फ्रान्समध्ये एक विचित्र प्रयोग झाला होता. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्री जिवांच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना अगदी थोडं देऊन पाहिलं. हळूहळू कुत्र्यांना विषाची सवय होईल, असा अंदाज होता. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला पहिल्या डोसने काहीच झालं नाही. २२ दिवसांनी तेवढाच डोस पुन्हा दिला. काही सेकंदांत त्याची तब्येत ढासळली आणि २५ मिनिटांत तो मेला. सवय होण्याऐवजी शरीर जास्त हळवं झालं होतं. रिशे यांनी याला १९०२ मध्ये 'ॲनाफायलॅक्सिस' म्हटलं, म्हणजे संरक्षणाच्या उलट. त्यांना १९१३ चं नोबेल मिळालं.

'थोडं थोडं खाल्लं की सवय होते' असं दावतीत सांगणाऱ्या प्रत्येकाने नेपच्यूनची गोष्ट ऐकायला हवी. सवय लावण्याचे उपचार आज आहेत, हे खरं. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या अल्फ्रेड स्कोफिल्ड या डॉक्टरने अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला कच्च्या अंड्याचा दहा हजारावा भाग गोळीत घालून द्यायला सुरुवात केली आणि महिन्यामहिन्यांनी वाढवत तो मुलगा अंडं खाऊ शकला. पण हे काम डॉक्टरच्या नजरेखाली, मोजून-मापून, आणि धोका झाला तर औषध हाताशी ठेवून करायचं असतं. पंगतीत आग्रहाने वाढून ते होत नाही.

पोटावरची मासळी

शरीरातलं ते 'काहीतरी' कुठे राहतं, याचा पहिला ठोस पुरावा १९२१ मध्ये मिळाला. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला शिजवलेले मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याला माशांनी काही होत नसे. प्राउस्निट्झने क्युस्टनरच्या रक्तातला सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लगेच गांधी उठली. एका माणसाची ॲलर्जी दुसऱ्याच्या कातडीत नेऊन दाखवता आली. मनाचे खेळ असे सीरममधून दुसऱ्याच्या अंगात जात नाहीत.

रक्तातला तो घटक प्रत्यक्ष सापडायला आणखी ४५ वर्षं गेली. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि त्याच काळात स्वीडनमधल्या जोहान्सन आणि बेनिख यांनी तो ओळखला. त्याला आज 'आयजीई' म्हणतात.

इतका पुरावा असूनही रुग्णावरचा संशय संपला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या मनोविश्लेषकांच्या पंथाने दमा हा मनातून उपजणाऱ्या सात आजारांपैकी एक मानला होता. आईचं प्रेम कमी पडलं किंवा जास्त झालं, म्हणून मूल श्वास कोंडून घेतं, असं सुशिक्षित लोक गंभीरपणे मानत. मुलाला श्वास लागायचा, आणि दोष आईच्या पदरी पडायचा. आपल्याकडेही दूध प्यायला नकार देणारं मूल 'नखरेल' आणि त्याची आई 'लाडावून ठेवणारी' ठरते. हा न्याय जुना आहे.

हरभऱ्याचं काय?

आता १५१२ च्या धड्याकडे येऊ. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर ॲलर्जीकारक पदार्थ स्पष्ट लिहावे लागतात. त्या यादीत आठ गट आहेत. ग्लुटेन असलेली धान्यं, झिंगे-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापलीकडे सल्फाइट. ही यादी उपयोगाचीच आहे. पण ती मुळात पाश्चात्त्य देशांतल्या अनुभवावर उभी आहे. तिथल्या लोकांच्या ताटात जे होतं, ते यादीत आलं.

घाटंजी तालुक्याच्या शेतात काय पिकतं? कापूस, सोयाबीन, तूर, आणि रब्बीत हरभरा. वऱ्हाडाच्या ताटात काय असतं? झुणका, पाटवडी, गोळाभात, पिठलं, भजी. सगळीकडे हरभऱ्याचं पीठ. आणि हरभरा त्या आठांमध्ये नाही.

हरभऱ्याची ॲलर्जी असते का? असते. मुंबईत डॉ. प्रमोद निफाडकर, मधुरा बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधून तपासली आणि २००१ मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जीविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. रुग्णाने सांगितलं म्हणून त्यांनी मान्य केलं नाही, आणि सांगितलं म्हणून झटकलंही नाही. कातडीवर चाचणी, रक्ताची चाचणी, आणि खाणाऱ्याला व देणाऱ्याला दोघांनाही माहीत नसेल अशा रीतीने पदार्थ देऊन पाहणं, अशी पारख झाली. भारतीय उपखंडात हरभरा हा ॲलर्जीचा महत्त्वाचा पदार्थ आहे, असा निष्कर्ष निघाला. मियाँ भुवा यांनी फारसीत जे म्हटलं, तेच मुंबईच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवलं. आपली यादी आपल्या ताटावरून लिहावी लागते.

तिळाचीही तीच गोष्ट. आपल्या यादीत तीळ नाही. लंडनमधल्या १५ वर्षांच्या नताशाचा २०१६ मध्ये पाकिटबंद पावातल्या तिळाने मृत्यू झाला. पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता, कारण दुकानातच भरलेल्या पाकिटाला तेव्हा पूर्ण लेबल सक्तीचं नव्हतं. तिच्या आई-वडिलांच्या लढ्यातून 'नताशाचा कायदा' झाला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये अशा पाकिटांवरही घटक लिहिणं बंधनकारक झालं. अमेरिकेने २०२१ च्या कायद्याने तिळाला आपल्या यादीत घेतलं. आपल्या गावातली बेकरीची खारी, नानकटाई, मिठाईचा डबा, चिवड्याची पुडी आठवा. त्यात काय काय आहे, हे फक्त करणाऱ्यालाच माहीत असतं.

सोयाबीनचा धडा आणखी वेगळा आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांची दवाखान्यात रीघ लागायची. माणसं मरायचीही. डॉक्टर होसेप आंतो आणि सहकाऱ्यांनी असे १३ दिवस तपासले. प्रत्येक दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं. गोदामावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती, आणि सोयाबीनच्या टरफलाची धूळ वाऱ्याबरोबर शहरभर पसरत होती. गाळणी बसवल्यावर त्या साथी थांबल्या. यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या जोडीला आता सोयाबीन हेच खरिपाचं मोठं पीक आहे. मळणीयंत्राशी उभ्या राहणाऱ्या मजुराला त्या दिवसांत धाप लागत असेल, तर 'धुळीने होतं' म्हणून सोडून देऊ नये. धूळ कशाची, हा प्रश्न बार्सिलोनाने विचारला, म्हणून तिथली माणसं वाचली.

इथे एक सावधगिरीही हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातल्या मोठ्या पाहणीत २६.५ टक्के प्रौढांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खऱ्या अन्न-ॲलर्जीची शक्यता असलेले फक्त १.२ टक्के निघाले. म्हणजे रक्ताच्या अहवालात चाळीस पदार्थांपुढे अधिकचं चिन्ह आलं, म्हणून चाळीस पदार्थ सोडायचे नसतात. गरिबाच्या ताटातून डाळ, अंडं, दूध विनाकारण काढून घेणं हाही अन्यायच. अहवाल आणि अनुभव दोन्ही जुळले पाहिजेत.

लहान मुलांबाबत तर जगाचा सल्लाच उलटला. एके काळी बाळाला शेंगदाणा उशिरा द्या, असं सांगितलं जायचं. लंडनच्या गिडियन लॅक यांना दिसलं की इस्रायलमधली बाळं शेंगदाण्याचा खाऊ लवकर खातात आणि त्यांच्यात ही ॲलर्जी कमी आहे. त्यांनी ६४० बाळांवर अभ्यास केला. २०१५ मध्ये निकाल आला. ज्यांनी शेंगदाणा टाळला त्यांच्यापैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, ज्यांनी लहानपणापासून खाल्ला त्यांच्यापैकी ३.२ टक्क्यांना. अर्थात ज्याला ॲलर्जी झालीच आहे, त्याला हा नियम लागू नाही. आणि ज्या बाळाला आधीच तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी डॉक्टरला विचारूनच सुरुवात करावी. बाळाला अख्खा दाणा तर कधीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो. चांगला बारीक कुटून, पातळ करून द्यायचा.

सापाची सुई आणि घाटंजीचा दवाखाना

तीव्र झटका आला तर एकच पहिलं औषध आहे. ॲड्रिनलिन. ते १९०१ मध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. रिशे यांनी रोगाला नाव देण्याच्या आदल्याच वर्षी औषध हाती आलं होतं. १९८७ मध्ये अमेरिकेत ते पेनासारख्या यंत्रात मिळू लागलं. सैनिकांसाठी बनवलेल्या यंत्रावरून शेल्डन कॅप्लन यांनी ते घडवलं होतं. रुग्ण ते खिशात ठेवतो आणि वेळ आली की मांडीत टोचतो.

ॲड्रिनलिन किती लवकर मिळालं यावर जीव अवलंबून असतो. अमेरिकेतले ह्यू सॅम्पसन यांनी १९९२ मध्ये अन्नामुळे तीव्र झटका आलेल्या १३ मुलांचा अभ्यास मांडला. त्यातली सहा मुलं दगावली होती. वाचलेल्या आणि दगावलेल्या मुलांमधला ठळक फरक होता तो ॲड्रिनलिन किती लवकर मिळालं याचा.

घाटंजीपासून यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर आहे. घसा सुजलेल्या माणसासाठी हे अंतर फार आहे. आणि ते पेन आपल्याकडच्या साध्या औषध दुकानात मिळत नाही. मग गावातल्या माणसाने काय करायचं?

इथे घोड्याची गोष्ट पुन्हा येते. सापाच्या विषावरचा उतारा आजही घोड्यापासूनच बनतो. मुंबईच्या हाफकिनमध्येही तो बनतो. व्हिएन्नातल्या मुलांना जो त्रास होत होता, तोच या सीरमनेही होऊ शकतो. म्हणून सापाची सुई देताना डॉक्टर ॲड्रिनलिन भरून शेजारी ठेवतात. कापसाच्या शेतात साप निघणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात हे रोजचं काम आहे. म्हणजे सर्पदंशावर उपचार करणाऱ्या ग्रामीण दवाखान्यात अन्नाच्या ॲलर्जीचं औषधही असायलाच हवं. त्याची कुपी स्वस्त आहे आणि ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. औषधापेक्षा अभाव ओळखीचा आहे. साप चावला की घरचे गाडी काढतात. हरभऱ्याने किंवा काजूने ओठ सुजले आणि श्वास लागला, तर 'पित्त उठलंय, गोळी घे, आमसूल लाव, थोडा वेळ पडून राहा' म्हणतात. पित्ताची गोळी गांधी कमी करते, पण बंद होणारा घसा उघडत नाही. श्वास, आवाज, चक्कर, वारंवार उलटी यांतलं काही दिसलं की साप चावल्याइतकीच घाई करायची. रुग्णाला चालवायचं नाही, झोपवून पाय वर ठेवायचे, श्वास लागत असेल तर बसवायचं, आणि दवाखान्यात पहिलं वाक्य बोलायचं, 'ॲलर्जी आहे, श्वास लागतोय.' एकदा बरं वाटलं तरी लगेच घरी परतायचं नाही, कारण काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो.

ज्याला आपली ॲलर्जी माहीत आहे, त्याने धडधाकट असतानाच एकदा जवळच्या डॉक्टरला भेटून ठरवून ठेवावं. कुठे जायचं, रात्री कोण असतं, ॲड्रिनलिन आहे का. शाळेत आणि वसतिगृहात मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्यावं. पोषण आहारात किंवा सोयाबीन वडीत काय असतं हे विचारणं म्हणजे तक्रार नव्हे.

दस्तरखानावर

शेवटी प्रश्न ताटाशी येतो. ईदच्या दिवशीचा शीरखुर्मा बघा. दूध, गव्हाच्या शेवया, काजू, बदाम, पिस्ता. सरकारी यादीतले तीन गट एकाच वाटीत. ज्याला यातलं काही मानवत नाही, तो ईदच्या दिवशी दहा घरी जातो आणि दहा वेळा नकार देतो. प्रत्येक नकार यजमानाला लागतो. संक्रांतीच्या तिळगुळाला, दिवाळीच्या बेसनाच्या लाडवाला, लग्नाच्या पंगतीतल्या आग्रहाला हीच कथा. आग्रह ही आपल्या सगळ्यांची, हिंदू-मुस्लिम दोघांचीही, सामायिक संस्कृती आहे. ती प्रेमातून येते. पण प्रेमाने वाढलेला काजूही काजूच असतो.

हदीसच्या संग्रहांत एक प्रसंग येतो. पैगंबर (स.) यांच्यासमोर वाळवंटातला घोरपडीसारखा प्राणी भाजून ठेवला होता. तो काय आहे हे कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हटलं. आपल्या लोकांच्या प्रदेशात तो नसतो, म्हणून मन घेत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं. खालिद बिन वलीद यांनी तो तिथेच, त्यांच्या देखत, खाल्ला. एकाने नाकारलं, दुसऱ्याने खाल्लं, आणि दस्तरखान मोडला नाही. हा प्रसंग ॲलर्जीचा नाही. पण नकार देणाऱ्याला कारणांची लांब यादी द्यावी लागली नाही, आणि कुणी त्यांना थोडं चाखून पाहा म्हटलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आजाऱ्याला रोज्यातून सूट देणारा, जीव वाचवण्यासाठी हराम अन्नही खाण्याची मुभा देणारा दीन, पाहुण्याच्या जिवापेक्षा शीरखुर्म्याचा मान मोठा मानेल, हे पटत नाही. स्वतःला आणि दुसऱ्याला इजा होऊ न देणं, हे तर फिक्हचं पायाभूत तत्त्व आहे.

यजमानाला फार काही करावं लागत नाही. दावतीचा निरोप देताना 'काही मानवत नाही असं आहे का?' एवढं विचारायचं. सुकामेवा वेगळ्या वाटीत ठेवायचा, एकच पळी सगळ्या पातेल्यांत फिरवायची नाही. कशात काय घातलंय, तेल फल्लीचं की सोयाबीनचं, हे विचारल्यावर न चिडता सांगायचं. राझींनी बल्खींच्या बाबतीत जे केलं, तेवढंच. लाडक्या गुलाबाची बाजू न घेता समोरच्या माणसाचं ऐकून घेतलं.

हिपोक्रेटिसच्या चीजपासून मुंबईच्या हरभऱ्यापर्यंत रुग्णच आधी बोलला आणि शास्त्र नंतर आलं. प्रयोगशाळा हरेक पदार्थाची परीक्षा घेईल तेव्हा घेईल. तोवर घाटंजीत, यवतमाळात, कुठेही, कुणी वाटी बाजूला सारून 'मानवत नाही' म्हटलं, तर तेवढा शब्द पुरेसा मानावा आणि पाण्याचा ग्लास पुढे करावा.